खंडेनवमी आणि कंपनीची सही

ज्याची स्वतःची कंपनी आहे त्याला कुणापुढं वाकावं लागत नाही, असं कोरेगावच्या निवृत्त सुभेदार नानासो शिर्क्यांचं ठाम मत होतं. आत्ता ते साताऱ्यात सीएच्या टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरला सहीचं टोकन लावत होते. कंपनीचा वार्षिक हिशेब सरकारला कळवायचा आज शेवटचा दिवस होता. उद्यापासून रोजचा दंड. सही त्या पेनड्राइव्हएवढ्या टोकनातूनच व्हायची, आणि कॉम्प्युटर त्याला ओळखच देईना.

सीए संयोगिताबाईंनी ते हातात घेतलं. "सुभेदार, यात लाल काय भरलंय?"

"कुंकू हाय. खंडेनवमीला ट्रॅक्टर, कोयता, बंदूक, समद्यांची पूजा झाली. ह्यानंच काय पाप केलतं?"

"आणि हे चिकट?"

"नारळाचं पाणी. आवं, कंपनीचं खरं हत्यार हेच, असं तुमीच म्हणाला न्हवं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. मग दुपारभर दोघांनी टाचणीनं कुंकू उकरलं. बंदूक साफ करताना नानासोंना कधी एवढा घाम फुटला नव्हता. दिवेलागणीला टोकन चाललं, सही उमटली, फॉर्म गेला.

नानासोंनी चष्मा लावून छापील प्रत वाचली. वर्षाची एकूण उलाढाल: शून्य रुपये.