निळ्या पडद्यावरची दुसरी ओळ

हिलालच्या एका पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नाही. पत्र लहानसंच होतं, शेवटी त्याच्या अहिराणीत घसरलेलं. "तू लिहिलंस तसं केलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि पडदा काळा पडला, तो काळाच आहे. आतली बठ्ठी चित्रं गयी का रे, गिरधर? एकही नाही उरलं?"

हिलाल शिंदखेड्याला ड्रॉइंग मास्तर होता. निवृत्त झाल्यावर तो म्हाताऱ्या बायकांच्या हातांवरच्या गोंदणाची चित्रं उतरवून घेऊ लागला. गावोगाव जाऊन फोटो काढायचा आणि मग कॉम्प्युटरला जोडलेल्या पेनने ठिपका न् ठिपका काढायचा. दोनशे बारा हात झाले होते. त्यांतल्या निम्म्या बायका आता नाहीत. त्याला ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून आमची मैत्री पोस्टानेच चालत आली.

आम्ही जळगावात एकाच दुकानातून दोन जुने, एकसारखे कॉम्प्युटर घेतले होते. दोन्हींत लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम मीच टाकली. मग त्याने कळवलं, पेन ओढला की रेघ हाताच्या मागून येते, झोपेत चालल्यासारखी. माझा जन्म वाचनालयात गेला. शोधायचं म्हणजे वाचायचं, एवढंच मला येतं. पडद्यावर चित्र उमटवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकावा लागेल, असं वाचनात आलं. मी दोन पानं कृती लिहून पाठवली. स्वतः मात्र करून पाहिली नव्हती.

पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं की चूक माझी असणार. कोणती, ते शोधायचं धाडस होत नव्हतं.

परवा हिलालची सून दिपमाला नशिराबादला लग्नाला आली होती, ती पिंप्राळ्यात आमच्याकडे डोकावली.

"आबांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलाय, नाना. कोणाला हात लावू देत नाहीत. गिरधरचं पत्र येईल, म्हणतात."

"येईल की," माझी बायको कुंदाबाई म्हणाली. "भाजीवाल्याने काय देऊ विचारलं तरी हे विचार करून उद्या सांगतात."

दिपमाला हसली. मग म्हणाली, "महिनाअखेरीस भूषण पुण्याहून येतोय. सगळं पुसून दुसरी सिस्टिम टाकणार, मुलीच्या क्लाससाठी. नवऱ्याला मी तरी किती थोपवू?"

ती गेल्यावर मी माझ्या जुन्या कृतीची नक्कल काढली आणि माझ्याच कॉम्प्युटरवर ती ओळीने केली. भर दुपार होती. कूलरच्या आवाजात सगळी कॉलनी पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं, तो ठरवला. पुन्हा सुरू होताना निळा पडदा आला. त्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी होत्या. माझ्या कृतीत लिहिलं होतं, "इथे काही विचारतील. न कळलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ नये. पहिल्या ओळीवर एंटर दाबून पुढे जावं." मी तसं केलं. पडदा काळा झाला.

"काय झालं?" कुंदाबाईने विचारलं.

"हिलालच्या घरी झालं तेच."

त्या काळ्या काचेत मला माझा चेहरा दिसत होता. थोड्या वेळाने वाटलं, आत त्या दोनशे बारा बायका बसल्या आहेत, हात पुढे करून. मग पुस्तकात वाचलेल्या तीन कळा एकत्र दाबल्या: कंट्रोल, ऑल्ट, एफ-तीन. काळ्यावर पांढरी अक्षरं उगवली. नाव सांगितलं, पासवर्ड दिला, फाइलींची यादी मागितली. माझी सगळी टिपणं एकाखाली एक उतरत आली. काहीच गेलं नव्हतं. अंधार फक्त काचेवर होता.

पुस्तकात पुन्हा शोधल्यावर उलगडलं: ड्रायव्हर ओळखीचा आहे, अशी नोंद कॉम्प्युटरला त्या निळ्या पडद्यावर हवी असते. ती झाली नाही तर तो नव्या ड्रायव्हरला आत घेत नाही, आणि जुना तर आपणच बंद केलेला असतो. नोंदीची मागणी मी पुन्हा दिली आणि कॉम्प्युटर परत सुरू केला. निळा पडदा आला. या वेळी दुसरी, नोंदीची ओळ निवडली, होय म्हटलं, ठरवलेला पासवर्ड दिला. सकाळ व्हावी तसा पडदा उजळला.

मी हिलालला नवी कृती लिहिली, चौदा पायऱ्यांची. मग कॉम्प्युटर पुन्हा बिघडवून ठेवला आणि कागद कुंदाबाईच्या हातात दिला.

"मी?" ती म्हणाली. "मला काय येतं त्यातलं?"

"म्हणूनच."

"आणि तुम्ही?"

"मी बोलणार नाही."

"ते तर चाळीस वर्षं बघतेय."

नवव्या पायरीला ती अडली. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, हे मी लिहिलंच नव्हतं. ते लिहिलं. तिसऱ्या खेपेला तिने एकदाही मान वर न करता पडदा उजळवला आणि पदराला हात पुसले.

तिनेच दिपमालाला फोन लावला. "भूषणला म्हणावं, पत्र येईपर्यंत थांब. हो, खरंच येतंय."

कृतीच्या वर मी दोन ओळी लिहिल्या: "चित्रं गयी नहीत, बठ्ठी तठेच शेत, जागच्या जागी. चूक माझी होती. वाचून लिहिलं, करून पाहिलं नाही." दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या मुलीने पाकीट तोललं, पावती फाडली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.