काचेमागची रिकामी जागा

फोटोवाल्यांनी सत्तावीस वर्षांत वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला एकदा तरी "हलू नका" म्हणून दटावलं होतं. पासपोर्टचा फोटो, अर्जाचा फोटो, मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत. फोटो काढायचे ते आणि साफ करायची त्यांची बायको. आतल्या खोलीत संगणकापुढे बसून ती गिऱ्हाइकांच्या पुटकुळ्या, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं अशी बेमालूम घालवायची की माणसं घरी जाऊन आरशावर रागवायची.

दुकानाच्या दर्शनी काचेमागे एका नवरा-नवरीचा मोठा फोटो लावलेला होता. त्या दोघांचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती. शेवटी एक दिवस ती नवरीच दारात येऊन म्हणाली, "काका, आता तरी उतरवा." फोटो उतरला. मग त्या जागी लावायला म्हणून फोटोवाल्यांनी कपाटं धुंडाळली, तर कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपल्याला वाटलं म्हणून काढलेला असा एकही फोटो सापडला नाही. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली.

पन्नाशीच्या माणसाच्या मनाला काही लागलं की तो कुठल्यातरी शिबिरात नाव नोंदवतो. यांनीही नोंदवलं. वाळवंटात तीन रात्री, ताऱ्यांचे फोटो, खास नवशिक्यांसाठी. 'नवशिक्या' हा शब्द त्यांनी घरी सांगताना गाळला.

"मी येऊ का?" बायकोने विचारलं.

"तू? दुकानात कोण बसेल? आणि तुला काय कळणार त्यातलं? आकाश काय, आपल्या गच्चीवरूनही दिसतं."

तिने पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या बॅगेत दोन स्वेटर तेवढे भरले.

पहिल्या रात्री फोटोवाल्यांनी कॅमेरा वर रोखला आणि सवयीने फ्लॅश मारला. आजूबाजूच्या बारा जणांचे फोटो नासले, बाराही जण ओरडले. शिबिराची शिक्षिका त्यांच्या मुलीच्या वयाची होती. ती गोड आवाजात म्हणाली, "काका, तारे लांब आहेत हो. तुमचा उजेड तिथे पोचेपर्यंत आपल्यापैकी कुणी नसेल." त्यांनी पोरीसोरींचं ऐकून घेतलं, कारण तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या रात्री वारा सुटला. त्यांनी रडवेल्या आवाजात घरी फोन केला. "कॅमेऱ्यात वाळू गेलीय गं. आता सगळ्या फोटोंवर ठिपके येणार."

"एवढंच ना? या तुम्ही घेऊन," बायको म्हणाली. "ठिपक्यांचं मी बघते."

तिसऱ्या रात्री वारा पडला. ब्रशने कॅमेरा झाडून त्यांनी तो स्टँडवर बसवला, शटर तीस सेकंद उघडं ठेवलं, आणि तेवढा वेळ श्वासही घेतला नाही. मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो उमटला. खाली वाळूच्या टेकड्या आणि वर नुसता ताऱ्यांचा सडा, मधून आडवी गेलेली आकाशगंगा. फोटोवाल्यांचे डोळे भरून आले. आनंदाने त्यांनी शेजारी वळून पाहिलं, तर दाखवावं असं ओळखीचं कुणीच नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी घरी पोचताच त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड बायकोच्या हातात दिलं. "शेवटचा फोटो. काचेमागे तोच लावायचाय." एवढं सांगून ते जे आडवे झाले ते संध्याकाळी उठले.

बायको संगणकापुढेच होती. डोळे लाल, शेजारी जेवणाचं ताट झाकलेलं तसंच. पडद्यावर वाळूच्या टेकड्या होत्या आणि वर गुळगुळीत, काळंभोर आकाश.

"हे काय?"

"केला साफ! अहो, केवढी वाळू ती! हजारोंनी ठिपके. आणि मधोमध तो लांबलचक पांढुरका डाग, भिंग पुसायचं राहिलं असणार तुमचं. तो घालवायलाच दुपार गेली."

"मूळ फोटो कुठाय?"

"त्याच्यावरच तर केलं काम."

"आणि कार्ड?"

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांच्याच अक्षरात पाटी होती, 'फोटो संगणकावर घेताच कार्ड पुसावे.' "चार पासपोर्ट काढलेत मी त्यावर मघाशी."

ओरडायला म्हणून फोटोवाल्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना आकाशात काही ठिपके दिसले. सात होते.

"हे का ठेवलेस?"

"ते तारे नाहीत का! आपल्या गच्चीवरून दिसतात तेवढे. मोजून ठेवलेत."

"अगं, ते सगळेच तारे होते."

ती हसली. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं.

"सगळे?"

"सगळे."

"तो डागसुद्धा?"

"तोसुद्धा."

ती त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. आता ही रडणार, असं वाटून फोटोवाल्यांनी मोठ्या मनाने समजूत घालायची तयारी केली. जाऊ दे, पुन्हा काढेन, वगैरे.

"एवढे असतात?" ती म्हणाली. "आणि मला म्हणालात, गच्चीवरूनही दिसतं."

कुणी न सांगताही फोटोवाले तिच्यासमोर बराच वेळ अजिबात न हलता उभे होते.