झोइला मावशीचं काळं तळं

आमच्या वस्तीमागे तेल कंपनीने खणून तसाच सोडलेला एक खड्डा होता. कंपनी गेली, खड्डा पावसाने भरला आणि पाण्यावर कच्च्या तेलाची जाड काळी साय धरली. सकाळचं धुकंसुद्धा तिला न टेकता वरच तरंगत राही.

माझी मावशी झोइला युकाचे कंद खणून काढायला त्याच काठाने जायची. पाण्यावर वाकलेल्या एका झाडावर बगळे वस्तीला असत. एके दिवशी तिला दिसलं, नेमकी त्या झाडाखाली साय विरलीय आणि परातीएवढं पाणी उघडं पडलंय. किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. युका न काढताच घरी आली.

तेव्हा यादिरा नावाची मुलगी राजधानीतून, क्वितोहून, पाणी तपासायला यायची. मावशीने तिला हाताला धरून झाडाखाली नेलं.

यादिरा चिखलात वाकली. "मावशी, यात डोळ्यांना न दिसणारे जीव असणार. ते तेल खातात. पण नुसत्या तेलावर त्यांची वाढ होत नाही. बाकीचं पोषण त्यांना बगळ्यांच्या शिटेतून मिळत असणार."

"म्हणजे माझ्या नवऱ्यासारखेच," मावशी म्हणाली. "तोंडी लावायला नसलं की ताट सरकवायचा."

यादिराने तो चिखल नेला, त्यातले जीव पिंपांत वाढवले आणि तळ्यात सोडले. मावशी घरोघरी कोंबडखत मागायची, यादिराने सांगितलं तेवढंच टाकायची. जिवांना हवा मिळावी म्हणून मावशी आणि मी होडीतून वल्ह्यांनी पाणी ढवळायचो.

शेजारीण एरमेलिंदा काठावरून ओरडायची, "काय गं झोइला, जेवले का तुझे पाहुणे?"

"जेवतायत. हळू बोल."

मावशी खरोखरच कान देऊन बसायची. कधी कधी मलाही वाटायचं, होडीखाली हजारो इवली तोंडं सावकाश चघळतायत.

चौथ्या वर्षी साय फाटत गेली. आधी आभाळाचा एक तुकडा पाण्यात उतरला, मग ढग, मग उडते बगळे.

यादिराने पाणी तपासलं. "वरचं बरंच निवळलंय. पण तळाशी डांबर आहे, ते त्यांना सहज पचायचं नाही. प्यायचं नाही हं अजून."

मावशी हिरमुसली. तरी दुसऱ्या दिवशी खताची टोपली घेऊन निघालीच.

त्या सकाळी काठाशी तिला बेडकांची पिल्लं दिसली, शेपट्या हलवत फिरणारी. दोन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा. मी रुसले तेव्हा म्हणाली, "अगं, थोडा वेळ एकटीनेच बघावंसं वाटलं."