दुपार राखणारा अडसर

मी एक जुना अडसर आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही अजून बसलेला नाही. राग मानू नका. दारामागे आडवं पडायचं आणि बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही, हा माझा जन्माचा धंदा. त्यात भोळं राहून कसं भागेल?

माझं घर पाराग्वेतल्या यागुआरोन गावात, बसच्या रस्त्यापासून जरा आत. मी लापाचोच्या लाकडाचा. त्या झाडाला गुलाबी फुलं येतात आणि सगळे फुलांचंच कौतुक करतात. लाकडाचं मोल फक्त सुताराला कळतं. एलेउतेरियो नावाच्या सुताराने चर्चचे बाक केले, त्यातून उरलेल्या फळीचा त्याने मला केला. रंधा मारला, कडा गोल केल्या, दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत लोखंडी आकडे ठोकले आणि मला त्यात आडवा बसवला. मग भावांना बाहेर उभं करून आतून ओरडला, "ढकला रे! जेवला नाहीत का?" भाऊ घामाघूम झाले, मी तसूभरही हललो नाही. एलेउतेरियोने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा आहे तोवर दुपार आपली." ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

आमच्याकडे दुपारी गाव बंद होतं. जेवणं झाली की खिडक्या लागतात, झोपायच्या झोळ्या टांगल्या जातात, कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडतात. एरवी पाहुणा फाटकाशी उभा राहून टाळ्या वाजवतो, ही आमची रीत. पण दुपारी नाही. दुपारी टाळ्या वाजवणारा एक तर आग लागल्याचं सांगायला आलेला असतो, नाहीतर परदेशी असतो. आणि दुपारी कुणाची खिडकी उघडी दिसली, तर त्या घरात आजारी माणूस आहे किंवा काहीतरी लपवायचं आहे, असं गाव धरून चालतं. मुलांनी बाहेर पडू नये म्हणून त्यांना जासी जातेरेची भीती घालतात. सोनेरी केसांचा हा बुटका भर उन्हात हिंडतो, शीळ घालतो आणि त्या शिळेमागे गेलेलं पोर परत येत नाही म्हणे. मी त्याला कधी पाहिला नाही. संशय मात्र त्याच्यावरही ठेवून होतो.

मी कुणाकुणाला अडवलं म्हणून सांगू! निवडणुकीतले हसरे लोक, लॉटरीवाला, गोड बोलून देवाचं पुस्तक खपवणारे दोघं. दारावर हात पडला की मी हातावरून माणूस ओळखायचो. सगळ्यांना हात हलवत परत पाठवलं. पुढे एलेउतेरियो गेला, त्याचा मुलगाही गेला आणि घर नातवाकडे आलं. नातू आर्सेनियो, त्याची बायको देओलिंदा आणि त्यांची मुलगी आरासेली. मुलीचे पुढचे दात नुकतेच पडले होते.

आर्सेनियो बस चालवतो. पहाटे मुलगी उठायच्या आत तो गेलेला असतो आणि रात्री येतो तेव्हा ती झोपलेली असते. मधे दुपारी तेवढा घरी. सोपा, म्हणजे मक्याच्या पिठाचा चीज घातलेला पाव, आणि उकडलेला मांडिओका कंद खाऊन तो मला आकड्यांत टाकायचा आणि पुढच्याच खोलीत तिघं आपापल्या झोळीत पडायची. झोपेआधी आरासेली शाळेतलं सांगायची. तो "हं, हं" म्हणायचा आणि मधेच घोरायला लागला की मायलेकी हसायच्या. ऊन उतरलं की तिघं बर्फाच्या पाण्यातला तेरेरेचा थंड चहा पीत अंगणात बसायची, मग तो पुन्हा बसवर. त्या घराला एकत्र मिळायचं ते एवढंच. मी ते डोळ्यांत तेल घालून राखत होतो. निदान माझी तशी समजूत होती.

मग देओलिंदाचं कचेरीतलं काम घरी आलं. राजधानीत शेतीचे पंप विकणारी एक कचेरी आहे, तिथे ती सकाळी जाऊन किमती काढायची, मागण्या नोंदवायची आणि जेवायला घरी परतायची. साहेबांनी सांगितलं, आता घरूनच करा, बसचा त्रास वाचेल. घरात आनंदीआनंद. आरासेलीने तर नाच केला. मित्रांनो, फुकटात सोय करून देणारा माणूस दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते.

काही दिवसांतच दुपारी एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली. आधी वाटलं पक्षी असेल. पण पक्षी दुपारी कशाला ओरडेल? मग पालीवर संशय घेतला, मांजरावर घेतला, शेजारची न्या तोमासा, म्हणजे तोमासाबाई, चहाची किटली विसरली असेल म्हणून तिच्यावरही घेतला. आणि एका दुपारी मी जे पाहिलं त्याने माझ्या शिरा ताठ झाल्या. शीळ आली, देओलिंदा झोळीतून अलगद उतरली, चपला हातात घेऊन चवड्यांवर मागच्या खोलीत गेली. तिकडे खिडकी करकरली. भर दुपारी! मग दबलेला आवाज आला, "हो, हो, बोला. सगळे झोपलेत."

पुढच्या खोलीत तिची रिकामी झोळी बराच वेळ हलत राहिली.

मी पुरता गोंधळलो. दार माझ्याकडे, दार बंद, मग आत आलं कोण? रोज तेच. शीळ, चपला, खिडकी, कुजबूज. कधी कधी ती डोळे पुसत परत यायची आणि झोपल्याचं सोंग घ्यायची.

हे पाहणारा मी एकटा नव्हतो. आरासेलीही जागी असायची. डोळे घट्ट मिटून, मुठी आवळून पडलेली. मोठ्या माणसांना वाटतं मुलं झोपलीत. मला विचारा. एका दुपारी तिने आपल्या वेणीची रिबीन सोडली, तिचं एक टोक आईच्या झग्याला बांधलं आणि दुसरं आपल्या मनगटाला. शीळ झाली, आई उठली, रिबीन ताणली गेली. देओलिंदाने खाली पाहिलं, अगदी हळूच गाठ सोडली आणि गेली. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज नाही. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! आपण दाराला चिकटून पडलेलो आणि घरातली बाई घरातून नाहीशी होतेय.

इकडे गावानेही नाक खुपसलं. न्या तोमासाच्या भिंतीपलीकडून ती मागची खिडकी दिसते. बाई सत्तरीची, पण नजर घारीची. एका दुपारी आर्सेनियो बसवरून घरी येत होता, तिने त्याला फाटकाशीच गाठलं.

"आर्सेनियो, बायको बरी आहे ना रे तुझी?"

"बरी आहे की. का?"

"नाही, खिडकी उघडी असते दुपारची. म्हटलं, ताप आला की काय."

"कुठली खिडकी?"

"अगंबाई, तुला माहीत नाही? मग मी काहीच बोलले नाही हो!" असं म्हणून ती सगळं बोलून आत गेली.

त्या दिवशी आर्सेनियो जेवला नाही. त्याने मला आकड्यांत टाकलं ते असं की भिंत हादरली. मग झोळीत पडून खोटं खोटं घोरू लागला. मला त्याचं खरं घोरणं माहीत आहे, हे ते नव्हतं. आरासेली जागीच होती. म्हणजे त्या खोलीत सगळेच झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

शीळ आली. देओलिंदा गेली. खिडकी करकरली.

आर्सेनियो उठला. त्याने मला आकड्यांतून उचललं. मित्रांनो, दार उघडायला मला पुष्कळदा उचललं होतं, पण मारायला कधी नाही. तेवढ्यात आरासेलीने मागून त्याचा सदरा पकडला. "बाबा, तो आईला नेतो! जासी जातेरे! रोज शीळ घालतो!" आर्सेनियोने मागच्या खोलीचं दार लाथेने उघडलं.

"कुठंय तो? बाहेर काढ त्याला!"

खोलीत कुणी नव्हतं. देओलिंदा स्टुलावर उभी होती आणि एक हात खिडकीबाहेर काढून तिने तो रोज शीळ घालणारा मोबाइल उंच धरला होता. त्या घरात तेवढ्याच जागी आवाज नीट येतो. दुसऱ्या हातात पंपांच्या किमतीचे कागद. मोबाइलमधून एक जाडा आवाज येत होता, "हॅलो? देओलिंदा? एकच मिनिट लागेल हो, तेवढी किंमत सांगा!"

"कोण आहे हा?" आर्सेनियो गरजला.

"ओवेलारसाहेब."

"वर नावही सांगतेस!"

"अरे वेड्या, कचेरीतले साहेब!" ती स्टुलावरून उतरली आणि रडू लागली. "रोज दुपारी काहीतरी काढतात. रोज एकच मिनिट. तुला सांगितलं असतं तर तू भांडायला गेला असतास. काम गेलं असतं माझं. म्हणून म्हटलं, तुम्ही झोपलेले असताना उरकून घेऊ. कुणाला कळणार?"

"मला कळायचं," आरासेली म्हणाली. "आई, तू एक दिवस परत येणारच नाहीस असं वाटायचं मला. म्हणून मी झोपतच नव्हते."

देओलिंदाने तिच्याकडे पाहिलं. रिबिनीची ती गाठ तिला आठवली असणार. ती मटकन खाली बसली.

आर्सेनियोने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "माणूस असता तर एका दणक्यात निकाल लावला असता," तो म्हणाला. "ह्याला कुठं मारू मी?" आणि त्याने मला खिडकीतून अंगणात भिरकावलं.

मी उन्हात पडलो, तिथून पुढचं सगळं ऐकू आलं. मोबाइल चालूच होता. "काय गडबड आहे तिकडे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब," देओलिंदा नाक ओढत म्हणाली, "माझा नवरा अडसर घेऊन तुम्हाला मारायला आला होता."

"मला? मी काय केलं?"

"दुपारी माझ्या खिडकीशी कोण येतं त्याला मारायला आला होता. ते तुम्हीच निघालात. साहेब, एक विचारू? दुपारी तुम्ही कधी कुणाच्या फाटकाशी टाळ्या वाजवल्यात?"

"दुपारी? छे! काहीतरीच काय! माझ्या आईने कातडं सोलून काढलं असतं."

"मग माझ्या घरात रोज टाळ्या का वाजवता?"

पलीकडे साहेबांनी घसा खाकरला.

"ती किंमत…" साहेब चाचरत म्हणाले.

"ऊन उतरल्यावर," देओलिंदा म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

तुम्हाला वाटेल, झालं, संपलं. मला नाही वाटत. पुढचे काही दिवस माझे फार वाईट गेले. मी अंगणातच पडून राहिलो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या आणि नको ते करायच्या. मलाही वाटू लागलं, पडू दे. चोर दाराने येतच नसेल तर अडसराचा उपयोग काय? शेवटी आरासेलीने मला ओढत आत आणलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि बापाला म्हणाली, "बाबा, याचा काय दोष? चोर मोबाइलमधून येतो हे याला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्या दिवसापासून घरात नवी रीत सुरू झाली. अंगणात चिपा नावाचे पाव भाजायची मातीची भट्टी आहे. जेवणं झाली की मोबाइल त्या थंड भट्टीत जातो, तोंडावर झाकण बसतं आणि मग मी आकड्यांत पडतो. साहेब काही दिवस गप्प होते, मग पुन्हा एका दुपारी भट्टीतून शीळ आली. कोंबड्या फडफडल्या. देओलिंदाने मान उचलली. मी तिच्याकडे रोखून पाहत होतो. तिने झोपलेल्या पोरीकडे पाहिलं आणि पुन्हा मान टाकली. फुकटात झालं नाही हे. मोठ्या गिऱ्हाइकांचं काम साहेबांनी दुसरीला दिलं, ती दुपारीही बोलते म्हणून. देओलिंदाला ते लागलं. तिने दोन दिवस भांडी आपटली. पण मोबाइल भट्टीतच राहिला.

आणि आरासेली आता झोपते, मित्रांनो. तोंड उघडं टाकून, थेट बापासारखी घोरत. मनगटाला रिबीन नसते.

एवढ्यावर मी निश्चिंत व्हावं, असं कुणालाही वाटेल. पण मी अडसर आहे. परवाचीच गोष्ट. भट्टी बंद, दार बंद, तिघं झोळीत, आणि शीळ आली. अगदी जवळून. आर्सेनियोच्या विजारीतून! बसच्या मालकाने त्यालाही मोबाइल दिला होता आणि पठ्ठ्याने घरात सांगितलंच नव्हतं. त्याने एक डोळा उघडला, बायकोकडे पाहिलं, मग चोरासारखं माझ्याकडे पाहिलं. हात हळूहळू खिशाकडे निघाला.

"बाबा," आरासेली डोळे न उघडताच म्हणाली, "भट्टी."

तो उठला, मला उचलून बाजूला ठेवून तापलेल्या अंगणात अनवाणी उड्या मारत गेला आणि पाय भाजून घेऊन परत आला. देओलिंदा झोळीत तोंड दाबून हसत होती. त्याने मला पुन्हा आकड्यांत टाकलं आणि जाता जाता पाठीवर थाप मारली, आजोबा मारायचा तशी.

मित्रांनो, मला दार अडवता येतं, खिसा अडवता येत नाही. त्यासाठी घरातलंच कुणीतरी जागं राहावं लागतं. तुम्ही थोडे संशयी व्हा. "एकच मिनिट" म्हणणाऱ्यावर नजर ठेवा, मग तो साहेब असो, नाहीतर तुमचा लाडका बाप असो. तुमच्या घरात कुणाची झोळी रिकामी हलत असेल, तर डोळे मिटून पडून राहू नका. हाक मारा. आरासेलीने ती इतके दिवस मारली नाही, आणि मला तर तोंडच नव्हतं.