तोतरा पंप

आपल्या कंपनीच्या औषधाच्या पंपातला दोष तेगनला सापडला, त्याला चार महिने झाले होते. पाचाचं बटण एकदाच दाबलं तरी कधीकधी दोनदा नोंदलं जायचं आणि ताशी पाचऐवजी पंचावन्न मिली औषध शिरेत जायचं. धोक्यांच्या तक्त्यात तिने लिहिलं, 'अधूनमधून'. तिचा साहेब ग्लेन याने भर बैठकीत ते खोडून 'क्वचित' केलं.

"हॉस्पिटलांतून एक तरी तक्रार आलीय का?"

"नाही."

"मग कशाला राईचा पर्वत करतेस?"

'क्वचित' लिहिलं की दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलता येते. तेगनने हुज्जत घातली आणि शेवटी सही केली. मान खाली घालून केली, पण केली.

आता जिलाँगच्या हॉस्पिटलात तिचे वडील मर्व्ह झोपले होते आणि उशाशी तोच पंप होता. पडद्यावर ५. बाजूला चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं : 'पाच दाबलंस? परत बघ.'

"हे कुणी लिहिलं?"

"आम्हीच," सिना नर्स म्हणाली. "हा तोतरा आहे गं. पाच म्हण म्हटलं की पाच-पाच म्हणतो. सगळ्या वॉर्डांत पट्ट्या आहेत."

"तक्रार नाही केली?"

"तक्रारीचा फॉर्म चार पानांचा, बाई. पट्टी दोन बोटांची."

तेगनच्या लक्षात आलं. या बायका डोळ्यांत तेल घालून पेशंट सांभाळत होत्या, म्हणून तक्रार नव्हती. आणि तक्रार नव्हती म्हणून 'क्वचित'. तिने तिथूनच ग्लेनला फोन लावला.

"फॉर्म भरायला सांग त्यांना," तो म्हणाला. "तुझं ऐकीव कसं धरू? आणि सही तुझीच आहे ना?"

पट्टीचं एक टोक सुटलं होतं. तेगनने ते अंगठ्याने दाबून धरलं, पण डिंक वाळला होता. एक वाजता सिनाची पाळी संपली आणि एजन्सीने पाठवलेला बदली नर्स आला, या वॉर्डात पहिल्यांदाच.

"पाच दाबलंत की आकडा परत बघा," तेगन त्याला म्हणाली. "प्लीज. हा पंप आमच्याच कंपनीचा आहे."

"मग काय, चांगलाच असणार," तो हसून म्हणाला. "आता पेशंटच्या आरामाची वेळ. तीन वाजता या."

त्याने तिला बाहेर काढून दार लोटलं. काचेतून तिला दिसलं, औषधाची पिशवी बदलून झाली होती आणि त्याचं बोट बटणांकडे जात होतं. आकडा त्याच्या पाठीआड होता.