कासारणीचं कुंकू

कडूबाई टोपलीत गवत अंथरून हिरव्या बांगड्यांच्या माळा त्यावर निजवत होती, तेवढ्यात गहिनीनाथ दारात येऊन उभा राहिला. तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. दोघं मिळून हैदराबादला नवाबाच्या बागेत कामाला गेलते. परत आला तो एकटाच.

"वहिनी, दादा गेला. पिलेगात. मीच अग्नी दिला."

कडूबाईचा हंबरडा फुटणार, तोच तिच्या आईनं, बायनाबाईनं, तिच्या तोंडावर हात दाबला. म्हातारीत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

"गावात कुणाला बोललास?"

"न्हाई, मावशी. सरळ हितंच आलो."

"मंग बोलू बी नको. तुला तुज्या दादाची आण हाय."

गहिनीनाथ समजला. कासाराचा पोर तो, त्याला वेगळं काय सांगायचं? रांडाव कासारणीच्या हातचा चुडा कोणती नवरी भरून घेईल? आजच कडूबाईला लिंबागणेश गावात लग्नघरी चुडा भरायला जायचं होतं, पुढं सगळी लगीनसराई होती, आणि घरात दुसरं मिळवतं माणूस नव्हतं. तो घोटभर पाणी पिऊन निघून गेला.

"माय, पाप हाय गं हे. मला रडू तरी दे."

"रड. आवाज काढू नको."

"तुला काय कळणार! तुजं कुंकू हाय. बा कुटं का असंना, हाय."

बायनाबाई टोपलीतल्या पिचलेल्या बांगड्या बाजूला काढू लागली. मान वर न करता म्हणाली,

"तू रांगत होतीस तवाच गेला तुजा बा. जालन्याला, पटकीनं."

कडूबाई आईच्या कपाळाकडं बघत राहिली. रुपयाएवढं कुंकू. जन्मभर तिनं ते असंच पाहिलं होतं.

"मी दर दिवाळीला वेशीवर जाऊन बसायचे, माय. अंधार पडस्तोवर."

"ठाव हाय."

"मंग कावून जाऊ दिलंस?"

"लेकरू वाट बघतंय म्हणल्यावर गावाला खरं वाटायचं." बायनाबाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "दे शिव्या मला. पर ह्याच टोपलीवर तू जगलीस. तुजं लगीन बी झालं."

कडूबाईला आईचा लई राग आला. तोंडही बघू नये, असा. आणि त्याच क्षणी तिच्याच कुशीत शिरून रडावंसं वाटलं; पण म्हातारी उठून चुलीकडं गेली होती.

तिनं तोंड धुतलं. करंड्यातलं कुंकू कपाळी लावलं, ते वाकडं झालं, म्हणून पुसून पुन्हा लावलं. टोपली डोक्यावर घेऊन ती उंबऱ्याबाहेर पडली, तर अंगणात खेळणारी म्हाळसा, तिची चार वर्षांची लेक, पळत येऊन लुगड्याला झोंबली.

"गहिनीकाका आलते ना? मंग माजा बा कवा येणार?"

शेजारची वत्सलाबाई दारात धान्य पाखडत होती. तिचे हात थांबले.

कडूबाईनं ते पाहिलं. मग म्हणाली, जरा मोठ्यानंच,

"दिवाळीला येणार हाय, बाळे. वेशीवर जाऊन बघत जा."