कुलपातली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गोड बोलणं ऐकायला मिळेल अशी आशा कोणी धरणार नाही. लोक मला क्रेप बँडेज म्हणतात. पाय मुरगळला की घोट्याभोवती गुंडाळतात ती ताणली जाणारी, खरखरीत पट्टी, तीच मी.

गिरणीत मला सुती धाग्याला पीळ देऊन विणलं. त्या पिळामुळे माझ्यात ताण आला, आणि तो ताण हाच माझा जीव. १९९८ साली मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका शाळेत आले. एक लाकडी पेटी, तिच्यात कापूस, आयोडिन, कात्री आणि मी. वाटलं, आता कामाला लागणार. कसलं काय! मोठ्या सरांनी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. पेटी म्हणे तपासणीसाठी होती. वर्षातून एकदा साहेब येत, झाकण उघडलं जाई, साहेब मान डोलावत, चहा पीत, झाकण बंद. असलं कौतुक चुलीत घाला.

त्याच वर्षी जन्नत पडली. अयूब खलाशांची ही मुलगी नववीत होती आणि खो-खोत शाळेची पहिल्या नंबरची खेळाडू होती. जांभ्याच्या मैदानावर तिचा घोटा मुरगळला. मी दहा पावलांवर होते. सर किल्लीसकट देवरूखला सभेला गेले होते. मग कोणीतरी गरम तेल आणलं आणि चार जणांनी मिळून तिचा सुजलेला पाय रगडला. मुरगळलेला पाय चोळू नये, हे पेटीतल्या कात्रीलाही ठाऊक होतं. जन्नतचं ओरडणं मी लाकडाआडून ऐकलं. तो पाय पुन्हा कधी धड धावला नाही. तो राग माझ्यातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पाच वर्षांनी ती त्याच शाळेत मुलींना खो-खो शिकवायला आली. आल्या दिवशी तिने किल्ली मागितली. सर म्हणाले, "प्रमाणपत्र आहे का तुझ्याकडे? ते आण, मग किल्ली देतो."

खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्यांची प्रमाणपत्र परीक्षा कोल्हापूरला होती. जन्नतने अर्ज भरला. सरावाला पट्टी मागितली, तर पेटी पूर्ण दिसली पाहिजे म्हणून सरांनी नाही म्हटलं. बाजारात दुसरी मिळाली असती. पण राग तिलाही माझ्याइतकाच होता. जी तिच्या पायाला मिळाली नाही, तीच तिला हवी होती. शेवटी शिपाई धाकूमामांनी पेटी पुसायला म्हणून किल्ली घेतली, माझ्या पाकिटात जुन्या धोतराची गुंडाळी भरली आणि मला जन्नतच्या पिशवीत टाकलं.

"साहेब पाकीट बघतात गो बाय," ते म्हणाले, "आत कोन बघतो?"

अगदी तसंच झालं. त्या वर्षीची तपासणी धोतराच्या चिंधीवर पार पडली. शेरा मिळाला, 'उत्तम'.

दोन महिने रोज संध्याकाळी अयूब पडवीत पाय पुढे करून बसायचे. पहिल्या दिवशी जन्नतने मला इतकं करकचून आवळलं की त्यांची बोटं निळी पडली. जन्मभर मी जहाजं धक्क्याला बांधली, आता लेक मलाच बांधते, असं म्हणून ते हसले. ती हसली नाही. सोडलं, पुन्हा बांधलं. बोटांकडून वर, टाचेखालून, आठाच्या आकड्यासारखं. शेवटी नख दाबून रक्त परत येतं का ते बघायचं. मधेमधे हाडांची नावं पाठ करायची, चुकली की वही आपटायची. रात्री मला धुऊन सावलीत वाळत घालायची. मी जन्मात पहिल्यांदा झिजत होते आणि ते मला फार आवडत होतं.

परीक्षेत बाकीच्यांच्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र होत्या, मी पिवळट. परीक्षकांनी नाक मुरडलं. जन्नतने अडीच मिनिटांत घोटा बांधला, तेव्हा त्यांचं नाक सरळ झालं. मग तोंडी प्रश्न. मैदानावर मुलगी पडली, काय करशील? खेळ थांबवेन, पायावर भार देऊ देणार नाही, चोळू तर मुळीच देणार नाही, बर्फ लावेन. बर्फ नसेल तर? गार पाण्याचा फडका.

"आणि पट्टी नसेल तर?"

जन्नतने माझं सुटलेलं टोक आत खोचलं. मला वाटलं, अडली.

"पट्टी असते, सर," ती म्हणाली. "कुलपात असते."

परीक्षकांनी कागद ओढून गुण मांडले.

ती पास झाली. तोवर धाकूमामांनी धोतर काढून मला पुन्हा पेटीत ठेवलं होतं. सरांनी प्रमाणपत्राला काचेची चौकट करून ते कार्यालयात लावलं, नारळ दिला, लांबलचक भाषण केलं. आणि किल्ली? ती म्हणे पुढची तपासणी झाली की बघू.

जन्नत "बरं" म्हणाली. धाकूमामांकडून पेचकस घेतला आणि सगळ्यांसमोर पेटीच्या मागच्या बिजागऱ्या खोलल्या. झाकण पुढच्या कुलपाला लोंबकळत राहिलं. सर धावत आले, कुलूप का तोडलंस म्हणून ओरडले.

"कुलूप शाबूत आहे, सर," ती म्हणाली. "ते तुम्ही सांभाळा."

पेटी उचलून ती मैदानावर घेऊन गेली. त्या हिवाळ्यात काशी नावाच्या सातवीतल्या मुलीचा घोटा मुरगळला. तेलाची वाटी घेऊन कोणी पुढे यायच्या आत मी तिच्या पायावर होते. महिन्याभरात काशी पुन्हा धावली.

आता माझ्यात ताण उरलेला नाही. किती घोट्यांवर तो खर्च झाला, मोजलं नाही. मित्रांनो, तुमच्याही शाळेत अशी पेटी असेल. तिची किल्ली कुणाकडे आहे, ते उद्याच जाऊन विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. वस्तूंची काळजी घ्या असं तुम्हाला सगळे सांगतात. माझी घेऊ नका. मला वापरून संपवा. माझी पाच वर्षं काळजी घेतली गेली, आणि जन्नत अजून लंगडते.